तलावाची पंपखोली सांभाळताना

जलतरण तलावावरची सुरक्षेची सगळी तयारी बुडण्याच्या भीतीने केलेली असते. पाण्याच्या खोलीचे आकडे रंगवलेले, जीवरक्षक काठावर, तरंगणारी कडी भिंतीला टांगलेली. हे सगळं हवंच. पण आमच्या निवासी संकुलाच्या तलावाची देखभाल माझ्याकडे आल्यापासून माझं जास्त लक्ष असतं ते तलावामागच्या पंपखोलीवर. पाणी फिरवणारा पंप, वाळूचा फिल्टर आणि पाणी निर्जंतुक ठेवणारी रसायनं यांची ती खोली. पोहायला येणाऱ्यांनी ती आतून कधी पाहिलेली नसते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०१५ ते २०१७ या तीन वर्षांचा अंदाज काढला तेव्हा तलावाच्या रसायनांनी इजा होऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्यांची संख्या साडेतेरा हजारांच्या घरात निघाली. त्यातले एक तृतीयांशाहून जास्त अठरा वर्षांखालचे होते आणि निम्म्याहून अधिक इजा राहत्या घरांच्या आवारात झालेल्या होत्या. घरीच, रोजच्या कामात.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून समितीने हे काम माझ्याकडे दिलं. तलाव प्रत्यक्ष चालवतात ते काका. त्यांना या कामाचा अनेक वर्षांचा अनुभव. पाण्याच्या रंगावरून आणि स्पर्शावरून ते सांगतात की आज पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते दाखवणारा आकडा, चढलाय, आणि चाचणी केली की बहुतेक वेळा तसंच निघतं. त्यांच्या जुन्या कामाच्या शर्टाला पोटाजवळ बारीक बारीक भोकं आहेत, ॲसिडच्या थेंबांची. ती भोकं बघूनच मी त्यांना म्हटलं, "काका, आधी खोली बघू, मग पाणी."

खोलीत काय होतं ते सांगते, कारण बहुतेक पंपखोल्या अशाच असाव्यात. एका कोपऱ्यात हायपोचे, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे, निळे कॅन. त्यांच्याच शेजारी हायड्रोक्लोरिक ॲसिडचे कॅन, रंगाने तसेच निळे. भिंतीलगत कॅल्शियम हायपोक्लोराइटचं दाणेदार पांढरं रसायन भरलेला ड्रम आणि त्याच्या झाकणावर ठेवलेला एक ॲसिडचा कॅन. नव्या पुरवठादाराने पाठवलेले पांढऱ्या गोळ्यांचे डबे. ब्रश, चिंध्या, रंगाचा अर्धा डबा, मोटारीला लावायचं ग्रीस. आणि सगळ्यांसाठी मिळून प्लास्टिकचा एकच मग.

काकांना ॲसिड आणि हायपो एकत्र करू नये हे पक्कं माहीत होतं. हायपोचा कॅन रिकामा झाला तरी ते त्यात ॲसिड कधी ओतायचे नाहीत. पण त्या पांढऱ्या गोळ्यांविषयी त्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं. "तेही क्लोरीन, हेही क्लोरीन, ताई," ते म्हणाले. बिलावरही तसंच लिहिलेलं होतं. पुरवठादाराने सामान उतरवलं, सही घेतली आणि गेला. या बाबतीत माझा राग काकांवर नव्हता. जो माणूस रोज या वस्तू हातात घेणार, त्याला त्याच्या भाषेत दोन वाक्यं सांगण्याची तसदी विकणाऱ्याने घ्यायलाच हवी होती.

म्हणून पहिलं काम ठरलं ते प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक मागवायचं. हे पत्रक उत्पादकाने द्यायचंच असतं, मागितलं की मिळतं. त्याचे सोळा भाग असतात आणि सगळे एका बैठकीत वाचायची गरज नसते. मी आणि काका व्हरांड्यात बसून चारच भाग नीट वाचत गेलो: चौथा, प्रथमोपचाराचा, सातवा, हाताळणी आणि साठवणीचा, आठवा, अंगावर काय घालायचं त्याचा, आणि दहावा, हे रसायन कशाकशाशी जमत नाही त्याचा. दहाव्या भागावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. मी वाचायची, काका पंपखोलीच्या दाराकडे बघत म्हणायचे, "ते तर त्याच्या शेजारीच आहे." आणि मी पुढची ओळ वाचायची.

आता ही एकमेकांशी न जमणारी रसायनं एकाच खोलीत आणायचीच कशाला, असं कुणालाही वाटेल. मलाही समितीत हाच प्रश्न विचारला गेला. उत्तर पाण्यातच आहे. हायपो काय किंवा दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट काय, पाण्यात गेल्यावर जंतू मारायचं काम मुख्यतः हायपोक्लोरस आम्ल करतं. पाण्याचा पीएच ७.५ असेल तर मोकळ्या, म्हणजे अजून कशाशी बांधल्या न गेलेल्या, क्लोरीनपैकी जवळपास निम्मा या कामाच्या रूपात असतो. पीएच ८ वर गेला की तो साधारण पाव उरतो. म्हणजे तेवढंच क्लोरीन टाकूनही पाणी असुरक्षित. आणि गोची अशी की हायपो स्वतः अल्कधर्मी असल्यामुळे ते टाकत गेलं की पीएच वर सरकतो. तो ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायचा तर ॲसिड लागतं. दोन्ही रोज लागतात, म्हणून दोन्ही हाताशी असतात, आणि धोका तिथेच आहे.

पाण्याने भरलेल्या तलावात, वेगवेगळ्या वेळी, विरून गेलेल्या अवस्थेत ती भेटली तर काही होत नाही. तीच बादलीत, मगात, नळीत किंवा फरशीवर सांडलेल्या ओघळात घट्ट स्वरूपात भेटली, की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड. वर न जाता जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात आणि तळघरात साठून राहतो. डोळ्यांच्या, नाकाच्या, फुप्फुसांच्या ओलाव्याशी त्याचा संबंध आला की तिथेच आम्ल तयार होतं. कामाच्या ठिकाणी याची मर्यादा दहा लाख भागांत एखादा भाग किंवा त्याहूनही कमी धरतात, आणि दहा भागांच्या हवेला जिवाला तत्काळ धोकादायक म्हणतात. वासाने माणूस सावध होतो हे खरं. पण वास आल्यावर "बघू तरी कुठून येतोय" म्हणून आत शिरणं हीच त्यातली घातक गोष्ट.

त्या पांढऱ्या गोळ्या निघाल्या ट्रायक्लोर, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल. नावातच आम्ल आहे. पाण्यात विरघळली की द्रावण चांगलंच आम्लधर्मी होतं. कॅल्शियम हायपोक्लोराइट नेमकं उलट्या बाजूचं. दोन्ही पांढरी, दोन्हींना तोच वास, दोन्ही त्याच कामाची. पण ती ओलसर अवस्थेत एकमेकांत मिसळली तर उष्णता, क्लोरीन वायू आणि नायट्रोजन ट्रायक्लोराइड नावाचा स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. एकाचा चमचा दुसऱ्यात बुडवणं, एकाच्या डोसिंग भांड्यात, म्हणजे ज्यातून रसायन मापाने पाण्यात सुटतं त्यात, संपलं म्हणून दुसरं टाकणं, एवढं पुरतं. आमच्याकडे मग एकच होता, हे मी वर लिहिलंच आहे.

या रसायनांच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट पाण्याची आहे. थोडं पाणी वाईट, भरपूर पाणी चांगलं. गोळ्यांच्या डब्यात छपरातून गळणारे चार थेंब पडले, ओला चमचा घातला, तर तेवढा ओलावा प्रक्रिया सुरू करायला पुरतो आणि तिची उष्णता वाहून न्यायला पुरत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कॉनयर्स इथे तलावाची रसायनं साठवणाऱ्या एका कारखान्यात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. आगीसाठी बसवलेल्या फवाऱ्यांचं पाणी पाण्याशी प्रक्रिया करणाऱ्या साठ्यावर पडलं, धुराचे लोट उठले आणि सुमारे सतरा हजार लोकांना घरं सोडायला सांगावं लागलं. ही बातमी मी काकांना वाचून दाखवली. त्यांनी काही न बोलता वर बघितलं. पाइपाच्या सांध्यातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवलेली होती. त्याच दिवशी प्लंबरला बोलावलं.

मग आवराआवर. ती घाईने करायची नाही आणि एकट्याने करायची नाही, एवढं आम्ही ठरवलं. दार उघडं, पंखा सुरू, एक माणूस बाहेर उभा. आधी ग्रीस, रंग, चिंध्या बाहेर काढल्या, कारण क्लोरीनची ही दाणेदार रसायनं ऑक्सिडीकारक आहेत. तेल, ग्रीस, लाकडाचा भुसा, वाळका पालापाचोळा अशा कशाशी मिसळली तर ठिणगीशिवायही पेटू शकतात. मग ॲसिड. ते पंपखोलीतून पूर्णपणे काढून मागच्या बाजूच्या वेगळ्या, जाळीच्या दाराच्या कपाटात नेलं. मधे पक्की भिंत. ट्रायक्लोरच्या गोळ्या आम्ही चालवायच्याच नाहीत असं ठरवलं आणि न उघडलेले डबे पुरवठादाराला परत केले. ज्यांना त्या वापरायच्या असतील त्यांनी जरूर वापराव्यात, पण तिथे मग कॅल्शियम हायपोक्लोराइटला जागा नको. एका तलावाला क्लोरीनचं एकच रूप पुरे, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

द्रव रसायनं खाली, दाणेदार वर. उलटं असेल तर वरचा कॅन पाझरला की थेट खालच्या ड्रमात. हायपोच्या कॅनखाली कडा उंच असलेले ट्रे ठेवले, ॲसिडखाली वेगळे. ड्रम जमिनीपासून उचलून प्लास्टिकच्या फळीवर. प्रत्येक रसायनाला त्याचा स्वतःचा मग, त्याच रंगाची चिकटपट्टी लावलेला, त्याच्याच शेजारी टांगलेला. आणि मूळ डब्यातून दुसऱ्या डब्यात, बाटलीत काढून ठेवणं कायमचं बंद. पाण्याच्या बाटलीत भरलेलं ॲसिड पाण्यासारखंच दिसतं.

अडलं ते एका जुन्या डब्यापाशी. लेबल गळून गेलेलं, झाकणाच्या कडेला पिवळट पापुद्रा, आत काय आहे ते कुणालाच आठवेना. मदतीला असलेला मुलगा म्हणाला, थोडं पाण्यात टाकून बघू. काकांनी त्याचा हात धरला. अनोळखी रसायन तलावात टाकायचं नाही, गटारात ओतायचं नाही, कचऱ्यात तर अजिबात नाही, कारण कचऱ्याच्या गाडीत ते कशाला भेटेल याचा नेम नसतो. तो डबा न उघडता, बाकी सगळ्यांपासून दूर, सावलीत ठेवला आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे सोपवला. वेळ लागला, कागद लागले. तरीही हाच रस्ता बरोबर होता.

यानंतर मापाचा प्रश्न. काका अंदाजाने टाकायचे आणि त्यांचा अंदाज चांगला होता, पण ते सुट्टीवर गेले की मदतनीस त्यांचा अंदाज कुठून आणणार? म्हणून तलावाचं पाणी मोजलं. लांबी २० मीटर, रुंदी ८, सरासरी खोली सव्वा मीटर. म्हणजे २०० घनमीटर, दोन लाख लिटर. मोकळं क्लोरीन एका पीपीएमने, म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅमने वाढवायचं तर २०० ग्रॅम क्लोरीन लागेल. दाण्यांच्या डब्यावर ६५ टक्के लिहिलेलं असेल तर साधारण ३१० ग्रॅम दाणे. हायपो दहा टक्क्यांचा असेल तर दोन लिटर. हे गणित एका पाटीवर लिहून भिंतीला लावलं. पण हायपो उन्हात आणि उकाड्यात कमजोर होत जातो, त्यामुळे जुन्या कॅनचं माप पाटीवरून घ्यायचं नाही, टाकल्यावर पुन्हा चाचणी करून ठरवायचं, हेही खाली लिहिलं. आधी चाचणी, मग माप, मग टाकणं. हा क्रम एकदा लागला की रसायन निम्म्या वेळा हातात घ्यावंच लागत नाही, आणि न घेतलेल्या रसायनाने इजा होत नाही.

टाकण्याची पद्धत काकांकडून शिकावी. बादलीत आधी पाणी, तेही तीन चतुर्थांश, आणि मग त्यात दाणे, थोडे थोडे. रसायनावर पाणी कधीच नाही. ॲसिडच्या बाबतीत हा नियम आम्ही शाळेत मुलांना पहिल्याच तासाला सांगतो; इथे तो प्रत्येकच रसायनाला लावायचा. तलावात कुणी नाही, पंप चालू आहे, हे बघून ते वाऱ्याकडे पाठ करून उभे राहतात. बादली पाण्याच्या अगदी जवळ नेतात, गुडघे वाकवून, आणि काठाने चालत हळूहळू सोडतात. वरून ओतलं की शिंतोडा उडतो, आणि शिंतोड्याचं पहिलं लक्ष्य डोळा. क्लोरीन टाकल्यावर ॲसिड लगेच नाही. आम्ही पाणी पूर्ण फिरू देतो. एक सकाळी, दुसरं रात्री तलाव बंद झाल्यावर.

कॅन उघडणं हे मला वाटलं होतं त्याहून अवघड काम निघालं. उन्हाळ्यात हायपोच्या कॅनमध्ये वायू साठतो आणि कॅनचं पोट फुगतं. ॲसिडचं झाकण फिरवलं की पांढरट वाफ बाहेर येते. काका कॅन खोलीत उघडतच नाहीत. उघड्यावर, जमिनीवर टेकवून, चेहरा बाजूला, झाकण पाव फेरा फिरवतात आणि थांबतात. फुस्स असा आवाज येतो. तो पूर्ण थांबेपर्यंत हात तिथेच. मग आणखी पाव फेरा. कॅनवर वाकून आत किती उरलं ते बघायचं नाही; बाहेरून उजेडात पातळी दिसते. आसपास मुलं असतील तर उघडणंच पुढे ढकलायचं. सीडीसीच्या आकड्यांमधली मुलं मला इथे आठवतात. मोठी माणसं झाकण उघडतात तेव्हा मुलं शेजारी उभी राहून बघत असतात.

अंगावर काय घालायचं याबद्दल काकांशी माझे थोडे मतभेद झाले. चष्मा चढवला की वाफ धरतो, हातमोज्यात घाम येतो, या त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. उत्तर म्हणून स्वस्तातल्या वस्तू बदलल्या: डोळ्यांना चारही बाजूंनी बंद, शिंतोडा थेट आत येऊ न देणाऱ्या छिद्रांचा, वाफ न धरणारा गॉगल, कोपरापर्यंतचे नायट्राइलचे हातमोजे, रबरी ॲप्रन आणि बूट. नाकावर ओला रुमाल बांधायची जुनी सवय मात्र सोडवली. रुमाल किंवा धुळीचा मास्क क्लोरीन वायू अडवत नाही, उलट खोटा धीर देतो. वायू अडवायचा तर त्यासाठीचं वायू शोषणारं कार्ट्रिज असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा लागतो, आणि तोही वायूने भरलेल्या खोलीत शिरण्यासाठी नसतो. तिथे शिरायचं काम अग्निशमन दलाचं.

हे सगळं मार्गी लागल्यानंतर एका संध्याकाळी जे झालं, त्याची मला आधी कल्पनाच नव्हती. तलावात बरीच मुलं होती. पंपखोलीत मुख्य पंप ओव्हरलोडने ट्रिप झाला. पाणी फिरायचं थांबलं, पण बाहेर कुणाला ते कळलं नाही; पाणी तसंच निळं, शांत. काका दुसऱ्या कामासाठी आत गेले आणि दारातच थांबले. फिल्टरवरचा दाबाचा काटा शून्यावर, मोटारीचा आवाज नाही, आणि तरीही भिंतीवरचे दोन्ही छोटे डोसिंग पंप, हाताने टाकतो त्याशिवाय थोडं थोडं रसायन पाइपातल्या पाण्यात सोडणारे, टक टक करत चाललेले. त्यांची वायर वेगळ्या जोडणीवर होती. एक हायपो ढकलत होता, दुसरा ॲसिड, आणि दोन्ही एकाच थांबलेल्या पाइपात, वीतभर अंतरावर. वाहत्या पाण्यात ती विरून जातात. थांबलेल्या पाण्यात ती पाइपातच भेटत होती.

अशा वेळी हात आपोआप स्टार्टरच्या हिरव्या बटणाकडे जातो. काकांनी ते दाबलं नाही. दोन्ही डोसिंग पंप बंद केले, बाहेर येऊन जीवरक्षकाला शिट्टी द्यायला लावली आणि सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. नुसतं काठावर बसवलं नाही, कुंपणापलीकडे नेलं. पालक कुरकुरले. मुलांना पाच मिनिटंही मिळत नाहीत, असंही कुणी म्हणालं. मग दारं उघडी ठेवून काकांनी पंप सुरू केला. भिंतीतल्या इनलेटमधून, म्हणजे फिरवलेलं पाणी तलावात परत येतं त्या तोंडातून, जिथे एरवी मुलं हात टेकवून दम घेतात नेमक्या तिथून, बुडबुडे उसळले आणि नाकात झोंबणारा वास वाऱ्याबरोबर कुंपणापर्यंत आला. कुरकुर थांबली. वास पूर्ण गेला, तलावाच्या चारही बाजूंच्या पाण्याची चाचणी मर्यादेत आली, तोवर तलाव बंदच ठेवला. कुणालाही काही झालं नाही.

मी नंतर वाचलं तेव्हा कळलं की असे प्रकार ठिकठिकाणी झालेले आहेत आणि त्यासाठीचा नियमही ठरलेला आहे: बंद पडलेला पंप पुन्हा सुरू करण्याआधी पाण्यातल्या सगळ्यांना बाहेर काढायचं. वीज गेली असो, फिल्टर धुवायला पाणी उलटं सोडून बॅकवॉश केला असो, दुरुस्ती झालेली असो, नियम तोच. पण नियम माणसाच्या आठवणीवर सोडून चालणार नव्हतं. इलेक्ट्रिशियनकडून डोसिंग पंपांची वीज मुख्य पंपाच्या स्टार्टरमधून घ्यायला लावली, म्हणजे तो थांबला की हे थांबतात. पण मोटार फिरत असून पाणी न फिरण्याचीही शक्यता असते, हवा धरली किंवा झडप बंद राहिली तर. म्हणून पाइपात फ्लो स्विचही बसवला. पाण्याचा प्रवाह नसेल तर डोसिंग नाही. हायपो आणि ॲसिड सोडण्याच्या जागाही एकमेकींपासून लांब नेल्या. दर महिन्याला, तलाव रिकामा असताना, आम्ही मुद्दाम मुख्य पंप बंद करतो आणि टक टक थांबते का ते ऐकतो. ज्यांच्याकडे तलाव आहे त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी एवढं बघावं असं मला मनापासून वाटतं.

आगीची एक गोष्ट तपासणीत सापडली. दाणेदार क्लोरीनच्या ड्रमाशेजारी नेहमीचा एबीसी पावडरचा अग्निशामक टांगलेला होता. त्या पावडरमध्ये अमोनियम फॉस्फेट असतं, आणि अमोनियमच्या संयुगांची या रसायनांशी घातक प्रक्रिया होते. माहितीपत्रकाच्या पाचव्या भागात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. तो तिथून हलवून विजेच्या पॅनेलजवळ नेला. क्लोरीनच्या साठ्याला आग लागली तर आमच्यापैकी कुणी लढायला जायचं नाही. सगळ्यांना वारा जिकडून येतोय त्या बाजूला न्यायचं, अग्निशमन दलाला बोलवायचं आणि आत काय काय आहे याची यादी त्यांच्या हातात द्यायची.

शेवटी सराव. मदतनीस मुलाला आम्ही खोटं खोटं जखमी केलं आणि बाकीच्यांना काय करता ते विचारलं. डोळ्यात शिंतोडा उडाला तर नळाखाली पापण्या उघड्या धरून किमान पंधरा ते वीस मिनिटं पाणी, घड्याळ लावून; कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती काढून. पंधरा मिनिटं किती लांब असतात ते तेव्हा सगळ्यांना कळलं, कारण पाचव्या मिनिटालाच तो मुलगा "झालं आता" म्हणू लागला. अंगावर कोरडे दाणे पडले तर आधी झटकायचे, कपडे काढायचे आणि मग भरपूर पाणी. ॲसिडच्या जखमेवर सोडा किंवा दुसरं काही चोळायचं नाही, फक्त पाणी. वायू नाकात गेला तर मोकळ्या हवेत, उंचावर, बसवून ठेवायचं, कपडे सैल करायचे, चालायला लावायचं नाही.

यात एक मुद्दा मुलगा मानायला तयार नव्हता. खोकला थांबला, बरं वाटतंय, तर रुग्णालयात कशाला? पण क्लोरीनने फुप्फुसांत पाणी साठण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो, घरी जाऊन झोपल्यावर. म्हणून वायू हुंगलेल्या माणसाने "मी ठीक आहे" म्हटलं तरी निर्णय त्याचा नाही. त्याच्यासोबत एक जण जाणार आणि डॉक्टर सांगतील तेवढा वेळ थांबणार. माहितीपत्रकांचा एक संच आम्ही पंपखोलीच्या दाराबाहेर, प्लास्टिकच्या पाकिटात लावून ठेवला आहे. रुग्णालयात जाताना त्यातलं बरोबर पत्रक काढून न्यायचं. सरावात मुलाने ॲसिडचं पत्रक उचललं. काकांनी ते परत ठेवायला लावून हायपोचंही सोबत घ्यायला सांगितलं, कारण वायू सुटला असेल तर ती दोन्ही भेटलेली असणार.